हाकेला ओ

मुकादम रंगाऱ्यानं ब्रश टेबलावर आपटला तेव्हा त्याचे पाचसहा केस उडून धाकटीच्या चहात पडले.

"बघा आपली झिबू," तो म्हणाला. "नव्या दाराला पहिला हात मारला, तर दाराला मिशा फुटल्या. घरमालक मला विचारतो, हे दार आहे की मांजर?"

धाकटीनं कप बाजूला सारला आणि त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मुकादम जुनं गिऱ्हाईक होता, त्याच्या हाताखालची सगळी माणसं याच कारखान्यातले ब्रश वापरत. माणूस सरळ होता, पण त्याला एक खोड होती. कुठलीही गोष्ट सांगताना तो बापाला मध्ये आणायचा. त्याची शिडी बापाच्या काळापासूनची, त्याचा गुडघा बापाच्या काळापासून दुखत होता, आणि असला ब्रश त्यानं बापाच्या काळापासून पाहिला नव्हता.

आवाज ऐकून आतून तिची थोरली बहीण, मोठी, आली. ती सहसा बाहेरच्या खोलीत येत नसे. हिशेब, गिऱ्हाइकं, चहापाणी हे धाकटीचं; केस, दांडे, राळ आणि कामगारांची कानउघाडणी मोठीची. तिनं ब्रश उचलला, अंगठ्यानं केस वाकवले, मग ते नाकाशी नेले. शेवटी दोन बोटांच्या चिमटीत थोडे केस धरून ओढले. अख्खी जुडी निघून हातात आली.

"हा आमचा नाही," ती म्हणाली.

"नाव तर तुमचंच आहे."

खरंच होतं. लाकडी दांड्यावर तापल्या लोखंडानं डाग देऊन अक्षरं उमटवलेली होती: झिबू. त्यातला झ जरा डावीकडे कलंडलेला, तोसुद्धा जसाच्या तसा.

"नाव वाचूनच घेतो आम्ही, बाई. काल दिवसभर माझी माणसं शिव्या घालत होती. टकली झिबू, भिकार झिबू, या झिबूच्या तर..." समोर दोन वयस्क बायका आहेत हे आठवून मुकादम थांबला.

मोठीच्या मानेवर लाली चढली. मालाची बदनामी ऐकून बाईंना राग आला, असं मुकादमाला वाटलं. खरं कारण त्या खोलीत आणखी एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस चमच्यानं चहातले केस काढत होतं.

कारण झिबू म्हणजे मोठी.

मोठीचं खरं नाव वडिलांनी ठेवलेलं. लांबलचक, जोडाक्षरांनी ठासून भरलेलं. पोस्टमन ते पाकिटावरून वाचताना घसा खाकरून घ्यायचा. धाकटी बोलायला लागली तेव्हा तिनं ते नाव बरेच दिवस तोंडात घोळवलं आणि जे काही बाहेर टाकलं ते 'झिबू' होतं. घरानं ते उचललं. पुढं दोघींनी एका टेबलावर ब्रश करायला घेतले, तेव्हा धाकटीनं गंमत म्हणून पहिल्या दांड्यावर तोच शब्द डागला. ब्रश चांगला होता, नाव तोंडात बसण्यासारखं होतं. रंगारी दुकानात जाऊन झिबू मागू लागले. मोठीनं थोडे दिवस तोंड फुगवलं आणि मग एका अटीवर सोडून दिलं. हे नाव कुणाचं आहे ते बाहेर कुणाला कळता कामा नये.

अट रास्तच होती. कामगारांच्या लेखी ती 'मोठ्या बाई' होती. जुडीत एक केस उलटा लागला तरी ती सगळी जुडी सोडायला लावायची, आणि तिच्यासमोर कुणाची शिंकायचीही हिंमत नव्हती. अशा बाईचं नाव झिबू आहे हे कळलं असतं तर कसला दरारा आणि कसलं काय. म्हणून कारखान्यात धाकटीसुद्धा तिला ताई म्हणे. संध्याकाळी घरी येऊन दार लोटून घेतलं, दोघीच उरल्या, की मग स्वयंपाकघरातून हाक जायची आणि आतल्या खोलीतून ओ यायची.

मुकादमाला त्यांनी नवा ब्रश दिला. तो गेल्यावर मोठीनं तो खोटा ब्रश कागदात गुंडाळून धाकटीपुढं ठेवला.

"माझ्या नावानं शिव्या घालतात," ती म्हणाली. "तू वकील गाठ."

वकीलबाई तरुण होत्या आणि त्यांना बारा महिने सर्दी असायची. पण काम पक्कं होतं. त्यांनी निरनिराळ्या दुकानांतून खोटे ब्रश विकत आणले, खऱ्या ब्रशांशेजारी मांडले आणि नाक पुसत पुसत एक खरमरीत नोटीस लिहिली. माल कुणाचा हे शोधायला वेळ लागला नाही. एका घाऊक व्यापाऱ्याचा होता. या माणसानं पूर्वी एकदा दोघींचा सगळा माल आपल्यामार्फतच विकायचा घाट घातला होता, आणि मोठीनं त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं. तो राग त्यानं असा काढला होता.

नोटिशीला उत्तर आलं ते वाचून धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. व्यापाऱ्यानं काही नाकारलंच नव्हतं. उलट त्याचं म्हणणं असं, की झिबू हे नावच नव्हे. रंगारी लोक फार जुन्या काळापासून कुठल्याही ब्रशाला झिबू म्हणतात. खुर्चीला खुर्ची म्हणावं तसं. या दोन बहिणींनी तो शब्द रंगाऱ्यांच्या तोंडून उचलला, आपल्या नावावर करून घेतला आणि आता जगाला बंदी करायला निघाल्या आहेत. तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं, तर त्यांनी केलेली या नावाची नोंदणीच आपण रद्द करून मागू.

"हे मान्य झालं तर?" धाकटीनं विचारलं.

"तर तो शब्द कुणाचाच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कुणीही कशावरही छापावा. तुम्ही काही म्हणू शकणार नाही." त्यांनी पेन उघडलं. "म्हणून मला एवढंच सांगा, हा शब्द आला कुठून?"

धाकटीनं मोठीकडे पाहिलं. मोठी खिडकीकडे बघत होती.

"सुचला," धाकटी म्हणाली.

"असाच?"

"असाच."

वकीलबाईंनी तसं लिहून घेतलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. कोर्टात 'असाच' फारसं चालत नाही, एवढं मात्र त्या बोलून गेल्या.

परतीच्या वाटेवर दोघींचं वाजलं. धाकटीचं म्हणणं सरळ होतं. खरी गोष्ट आहे, सांगून टाकू, केस तिथंच संपेल. मोठी तिच्या पुढं दोन पावलं चालत होती. ती भर पदपथावर थांबली.

"आई, बाबा आणि तू. एवढ्याच तोंडांनी मला त्या नावानं हाक मारली. त्यातली दोन आता नाहीत. ते नाव काय काळ्या कोटातल्या लोकांना चघळायला देऊ?"

"रंगारी चघळतातच की."

"ते ब्रशाला म्हणतात. मला नाही." ती पुन्हा चालू लागली. "शपथ घे, सांगणार नाहीस म्हणून."

धाकटीनं शपथ घेतली. मोठीपुढं तिचं आजवर कधी चाललं नव्हतं, आणि या बाबतीत मोठीचं चुकतंय असंही तिला मनापासून म्हणता येईना.

कोर्टाची खोली उंच छताची होती. कुणीतरी खिडक्यांना रंग लावताना चौकटी आणि झडपा एकत्रच रंगवून टाकल्या होत्या, त्यामुळे त्या कायमच्या बंद झाल्या होत्या. मोठीनं आत शिरताच ते पाहिलं आणि नाक मुरडलं. ती मागच्या बाकावर शाल गुंडाळून बसली. तिच्या पलीकडे कारखान्यातल्या दोन कामगार बायका होत्या. आज काम बंद, म्हणून त्या मालकिणींची बाजू ऐकायला आल्या होत्या.

पहिला साक्षीदार बघून धाकटीला धक्काच बसला. मुकादम होता. इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून आला होता, फक्त कानामागे पिवळ्या रंगाचा एक ठिपका राहून गेला होता. त्याला कुणी लाच दिली नव्हती की दम भरला नव्हता. व्यापाऱ्याच्या वकिलानं त्याला आदरानं घरी येऊन विचारलं होतं, तुम्ही जाणकार माणूस, तुम्ही ब्रशाला काय म्हणता? इतक्या आदरानं त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही सगळे रंगारी ब्रशाला झिबू म्हणता?"

"हो तर."

"कधीपासून?"

मुकादमानं छाती भरून श्वास घेतला. "माझ्या बापाच्या काळापासून."

वकीलबाईंनी त्याला उलटसुलट विचारून पाहिलं. पण छापील पुस्तकातलं एखादं वाक्य पाठ असावं तसं त्याचं ते वाक्य होतं, ते कुठूनही सुरू केलं तरी तिथंच येऊन थांबे. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. बापाचा काळ म्हणजे दोघी बहिणींच्या कारखान्याच्या फार आधीचा काळ, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

दुपारच्या सुट्टीनंतर धाकटी पिंजऱ्यात उभी राहिली. व्यापाऱ्याच्या वकिलाचा आवाज मऊ होता, हळूहळू थोपटल्यासारखा.

या शब्दाचा अर्थ काय, त्यानं विचारलं. काही नाही, ती म्हणाली. मग तो कुठून आला? सुचला. कुणाला? मला. कधी, काय करत असताना?

"आठवत नाही," धाकटी म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं. बोबडं बोलायच्या वयातलं कुणाला आठवतं?

वकील न्यायाधीशांकडे वळला आणि हसला.

"अर्थ नाही, उगम नाही, आठवण नाही. साहेब, स्वतःचा शब्द असा नसतो. कष्टकऱ्यांच्या तोंडचा शब्द या बाईंनी उचलला, त्यावर शिक्का मारला आणि वर फिर्याद घेऊन आल्या. याला साध्या भाषेत चोरी म्हणतात. आणि अशी चोरी करणाऱ्याला काय म्हणतात तेही सगळ्यांना ठाऊक आहे."

वकीलबाई ताडकन उठल्या, त्यांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी वकिलाला समज दिली. पण बोललेलं काही परत घशात जात नाही. धाकटीचे कान तापले. आयुष्यात तिला कुणी आळशी म्हटलं होतं, बडबडी म्हटलं होतं, चोर कुणी म्हटलं नव्हतं. तिनं कठडा घट्ट धरला. एक वाक्य बोललं असतं तर त्या माणसाचं तोंड बंद झालं असतं, आणि ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिनं मागच्या बाकाकडे पाहिलं. मोठीची हनुवटी शालीत रुतली होती, डोळे मिटलेले होते. जेवणानंतरची वेळ होती. निदान हिनं हे ऐकलं नाही, धाकटीला वाटलं, आणि तिनं ओठ मिटून घेतले.

वकिलाला आता रंग चढला होता. त्यानं पुराव्यातला एक ब्रश उचलला.

"साहेब, क्षणभर डोळ्यांसमोर आणा. रंगारी शिडीवर चढला आहे." तो खरोखरच साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या पायरीवर चढला. "खाली त्याचा सोबती आहे. रंगाऱ्याला ब्रश हवा आहे. कुठलाही. तो काय म्हणतो?" त्यानं तोंडाशी हात धरला आणि मोकळ्या गळ्यानं हाक मारली. "झिबू! ए झिबू!"

"ओऽ! आले!"

मागच्या बाकावरून आलेला तो आवाज इतका सहज होता, की पहिल्यांदा कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मग सगळ्या माना एकदम मागं वळल्या. मोठी अर्धी उठून उभी राहिली होती, एक हात शालीवर, एक समोरच्या बाकाच्या पाठीवर. कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी खोली हसली. शिपायालाही हसू आवरेना. दोघी कामगार बायका मात्र हसल्या नाहीत. त्या मोठ्या बाईंकडे तोंड उघडं टाकून बघत होत्या.

न्यायाधीशांनी पेन टेबलावर आपटलं. "कोण आहेत या?"

"माझी मोठी बहीण," धाकटी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "धंद्यातली भागीदार."

"साहेब, बाईंचा जरा डोळा लागला असावा," वकील गोड आवाजात म्हणाला.

न्यायाधीशांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "बाई, तुम्ही ओ का दिलीत?"

"हाक मारली म्हणून."

"हाक ब्रशाला होती."

"ब्रश ओ देत नाही, साहेब," मोठी म्हणाली.

वकीलबाईंची सर्दी त्या क्षणी गेली. पुढं महिनाभर ती परत आली नाही असं म्हणतात. दुसऱ्या फिर्यादीची साक्ष घ्यायची परवानगी त्यांनी मागितली आणि ती मिळाली.

मोठी पिंजऱ्यापर्यंत चालत आली. वाटेत तिनं कामगार बायकांकडे एकदा पाहिलं, आता जे होईल ते होवो अशा नजरेनं. शपथ घेतली आणि सांगायला सुरुवात केली. नाव वडिलांनी ठेवलं, ते सगळ्यांना जड जायचं, ही बोबडी होती, हिनं त्याचं हे असं करून टाकलं. मग आई त्याच नावानं हाक मारायला लागली, मग बाबाही. पुढं हिनं ते दांड्यावर डागलं. एवढीच गोष्ट. ती काहीही न लपवता सांगत होती, आणि ज्या नावाला तिनं इतकी वर्षं दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं ते नाव घेताना तिचा आवाज मात्र दर वेळी जरासा खाली येत होता.

न्यायाधीशांनी कागद चाळून फिर्यादीचं पूर्ण नाव शोधलं. ते त्यांनी मनातल्या मनात बोबडं म्हणून पाहिलं असावं, कारण त्यांचे ओठ एकदोनदा लहान मुलासारखे पुढं आले. मग त्यांनी मान डोलावली.

"वडिलांनी फार मोठं नाव ठेवलं," ते म्हणाले.

"त्यांना स्वतःलाही एका दमात घेता यायचं नाही, साहेब."

व्यापाऱ्याचा वकील अजून हरला नव्हता. ही आयत्या वेळची बनवाबनवी आहे, तो म्हणाला. शब्द रंगाऱ्यांचा आहे, बापाच्या काळापासूनचा आहे, तशी शपथेवर साक्ष झालेली आहे. बाईंना घरात कुणी त्या शब्दानं हाक मारली असेल तर तीसुद्धा रंगाऱ्यांचं ऐकूनच.

मोठी बाकावर बसलेल्या मुकादमाकडे वळली. तिला तसं करायचा अधिकार नव्हता, पण कारखान्यात चुकलेल्या माणसाकडे ती जशी वळायची तशीच वळली, आणि कुणी तिला अडवलं नाही.

"मुकादम, तुमचे वडील शिडीवरून ब्रश मागायचे तेव्हा काय म्हणायचे? नीट आठवा."

वकील हरकत घ्यायला उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि तोच प्रश्न स्वतः विचारला.

मुकादम उभा राहिला. 'माझ्या बापाच्या' इथपर्यंत त्याच्या तोंडून आलं आणि तो अडखळला. खरा बाप आठवायची वेळ त्याच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती. त्याची नजर छताकडे गेली, तिथं शिडीच्या टोकावर कुणी उभं असावं तशी.

"कुंचा," तो हळूच म्हणाला. "बाप कुंचा म्हणायचा. अरे, कुंचा दे वर, म्हणायचा." त्याच्या चेहऱ्यावरचा जाणकारपणा उतरला. "झिबू मी म्हणायला लागलो, साहेब. बाईंचा माल घ्यायला लागल्यावर."

"मग सकाळी बापाच्या काळापासून असं का सांगितलंत?"

"साहेब, मी सगळंच तसं सांगतो."

यावर न्यायाधीशसुद्धा हसले. वकीलबाईंनी मुकादमाला आणखी एकच विचारलं. दुकानात झिबू मागितली आणि दुसऱ्या नावाचा ब्रश हातात दिला, तर तो काय करतो? परत करतो, तो म्हणाला, झिबू म्हणजे बाईंचीच. हे बोलता बोलता त्यानं मोठीकडे पाहिलं, त्याला काहीतरी आठवलं आणि त्यानं चटकन तोंडावर हात ठेवला. टकली, भिकार, सगळं आठवलं असणार.

निकाल लागला तो पूर्णपणे बहिणींच्या बाजूनं. शब्द यांच्या घरात जन्मला, यांच्या मालावर वाढला, आणि तो यांचाच, असं न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं. व्यापाऱ्यानं ते नाव पुन्हा वापरायचं नव्हतं आणि गोदामातल्या प्रत्येक दांड्यावरून ते कोर्टाच्या माणसासमोर घासून काढायचं होतं. वकीलबाईंनी दोघींना एकदम मिठी मारली. धाकटी कोर्टाच्या पायऱ्या उतरली ती जवळजवळ उड्या मारतच, आणि या वयात पाय मोडून घेशील म्हणून मोठी तिच्यावर ओरडली.

नाव घासून काढायच्या दिवशी धाकटी मुद्दाम गोदामात गेली. ओळीनं बसलेली माणसं पॉलिशकागदानं दांडे घासत होती. खर्रखर्र आवाज भरून राहिला होता आणि लाकडाचा भुसा उडत होता. इतका गोड आवाज आपण आजवर ऐकला नाही, असं तिला वाटलं. व्यापारी एका कोपऱ्यात कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून बसला होता. रीत म्हणून त्यानं तिला चहा विचारला. तिनं होकार दिला, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि कप शेवटच्या घोटापर्यंत सावकाश संपवला.

कारखान्यात मात्र वेगळीच पंचाईत झाली. मोठीला भीती होती कामगार हसतील याची. कुणी हसलं नाही. पण तिच्यासमोर तो शब्द तोंडातून काढायची कुणाची छाती होईना. 'तो माल', 'आपले ते', 'रुंदवाले' अशी कसरत सुरू झाली. दोन दिवस मोठीनं ते ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मुकादम आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"बाई, माझ्या माणसांसाठी डझनभर... आपले ते... ब्रश हवे होते."

"कुठले?"

"तुमचेच."

"नाव काय त्यांचं?"

मुकादम जमिनीकडे बघू लागला. आतल्या खोलीतले हात थांबले होते, सगळे कान इकडे लागले होते.

"बंदी त्या व्यापाऱ्याला आहे," मोठी म्हणाली. "तुम्हाला नाही."

"झिबू," मुकादम म्हणाला, एखाद्या राणीचं नाव घ्यावं इतक्या अदबीनं.

"ए, मुकादमांना डझनभर झिबू बांधून द्या गं," मोठीनं आत बघून मोठ्यानं सांगितलं. आतून एकदम दोनतीन आवाज आले, देतो बाई, देतो, आणि मग पुन्हा कामाची लगबग सुरू झाली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर धाकटी दार ओढून घेत होती. मोठी पायरीवर बसून चपला घालत होती. धाकटी दिवसभर खुशीत होती आणि खुशीत ती जास्तच बोले. मुकादमाचा चेहरा कसा झाला, वकीलबाई कशा उठल्या, सगळं तिनं पुन्हा एकदा सांगून झालं.

"आणि खरं सांगू, देवच पावला म्हणायचा," ती म्हणाली. "नेमका त्या वेळी तुझा डोळा लागला नसता तर आज आपलं नाव गेलं होतं."

"डोळा?" मोठी चपलेचा पट्टा ओढत म्हणाली. "त्या बाकावर?"

धाकटीचा हात कडीवरच राहिला.

"म्हणजे तू जागी होतीस?"

"मग काय! सगळं ऐकत होते. कुठून आला, कधी सुचला, आठवत नाही... पिंजऱ्यात उभी राहून मार खात होतीस नुसती, पण बोलली नाहीस." मोठीनं दुसरी चप्पल जवळ ओढली. "डोळे मिटून विचार करत होते, आता उठायचं कसं आणि काय म्हणून उठायचं. तेवढ्यात त्या शहाण्यानं हाकच मारली. मग सोपं झालं."

"अगं, पण तुझी अट..."

"हो, होती."

धाकटीनं कडी लावली. आपण शपथ पाळली याचा तिला मनातून थोडा अभिमान होता, तो कुठल्या कुठे गेला. मोठी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि तिनं शाल झटकली.

"माझ्यासमोर माझ्या बहिणीला चोर म्हणाला तो," ती म्हणाली. "मग ओ नको द्यायला?"

आणि धाकटीसाठी न थांबता ती रस्त्याला लागली.